शाब्दिक उदाहरणांसाठी पट्टीचित्रं: जून ते मार्च वापरल्यानंतरचा अनुभव

दुसरी ते चौथीच्या मुलांची शाब्दिक उदाहरणं घेताना चार वस्तू शाळा सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत रोज वापरल्या: पट्टीचित्रं (आकड्यांच्या जागी आडव्या पट्ट्या काढून मांडलेली गोष्ट), हिराच्या म्हणजे खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे, शंभर मण्यांची माळ आणि खेळण्यातल्या नोटा. गाव सिंधुदुर्गातलं, खाडीकाठचं. त्यामुळे दमट हवेत काय टिकलं आणि काय नाही, हेही कळलं. आधीच सांगायचं तर पट्टीचित्रं शेवटपर्यंत लागली. काड्या हातच्याच्या वजाबाकीपुरत्या उपयोगी. माळ दिवाळीनंतर खुंटीवर गेली. नोटा चालतात, पण विकतचा संच बघून घ्यावा लागतो.

वस्तू आणण्याआधी मूल नेमकं कुठे अडतंय ते पाहावं. ५२ − १७ उभ्या मांडणीत द्या. ३५ आलं, आणि तेच आकडे गोष्टीत आल्यावर ६९ आलं, तर त्या मुलाला आणखी वजाबाक्या देऊन काही होणार नाही. त्याला वजाबाकी येते. गोष्टीत कोणाचं काय झालं, ते त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं नाही. बहुतेक मुलं इथेच अडतात, आणि घरातली मोठी माणसं नेमकं इथेच विचारतात, ‘अरे, बेरीज की वजाबाकी?’ दोनच पर्याय असले की मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं.

भिंतीवरचा ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ हा तक्ता काढून टाकावा. हे उदाहरण घ्या: सकाळी काही नारळ उतरवले. दुपारी आणखी ४० उतरवले. आता एकूण ९५ झाले. सकाळी किती उतरवले? ‘आणखी’, ‘एकूण’, ‘झाले’ हे तिन्ही शब्द तक्त्यानुसार बेरजेकडे बोट दाखवतात. तक्त्यावर वाढलेलं मूल १३५ लिहून मोकळं होतं. उत्तर ५५ आहे.

पट्टीचित्राची पद्धत सिंगापूरच्या शालेय गणितात १९८०च्या दशकात रुजली आणि तिथून जगभर पसरली. आकडा म्हणजे एक आडवी पट्टी, एवढीच कल्पना. नारळांच्या उदाहरणात एक लांब पट्टी काढायची, वर कंस करून ९५ लिहायचं, पट्टीचे दोन तुकडे करायचे, एकात ४०, दुसऱ्यात प्रश्नचिन्ह. काय करायचं ते मग विचारावं लागत नाही.

आम्ही ज्या क्रमाने गेलो तो असा. पहिल्या वाचनाला आकडे झाकायचे. त्यासाठी पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे पुरतात. आकड्यांशिवाय वाक्यं वाचली की मूल गोष्ट ऐकतं. आकडे दिसले की ते उचलून हिशेब सुरू करतं. मग गोष्ट घरच्या बोलीत सांगायला लावायची. ‘आजयेन धा नारळ दिल्यान, तीन फोडले, मगे रवले किती?’ (आजीने दहा नारळ दिले, तीन फोडले, मग उरले किती?) असं सांगता आलं म्हणजे उदाहरण समजलं. पुस्तकी मराठीत तेच वाक्य तीनदा म्हणून घेतलं तरी ही खात्री मिळत नाही. त्यानंतर उत्तराचं वाक्य रिकामी जागा ठेवून आधीच लिहायचं: ‘सकाळी ___ नारळ उतरवले.’ मग पट्टी, मग झाकलेले आकडे उघडून पट्टीत भरायचे, आणि सगळ्यात शेवटी क्रिया. आलेलं उत्तर रिकाम्या जागेत ठेवून वाक्य मोठ्याने वाचायचं. सुरुवातीला एका उदाहरणाला आठ-दहा मिनिटं जातात. दिवसाला तीनच उदाहरणं घ्या. दहा घेतली की पट्टी गळते आणि अंदाजपंचे सुरू होतं.

पट्टी काढताना चुका ठरलेल्या होतात. ९५साठी मूल ९५ चौकोन काढायला बसतं. त्याला सांगावं की ही मोजपट्टी नाही, मोठ्याला लांब आणि लहानाला आखूड एवढंच. उलट टोकाला, पट्टी प्रमाणात नाही म्हणून ‘चूक’ देणारे पालकही भेटतात. त्यांनाही हेच सांगायचं. तुलनेच्या उदाहरणात दोन पट्ट्यांचं डावं टोक एका ओळीत नसेल तर फरक दिसतच नाही. पाटीवर डावीकडे एक उभी रेघ आधी मारून ठेवली की हा त्रास संपतो.

तुलनेचं उदाहरण सगळ्यात अवघड जातं, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. ‘सायलीकडे २४ शिंपले आहेत. ते नीलमकडच्या शिंपल्यांपेक्षा ७ने जास्त आहेत. नीलमकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की २४ + ७ = ३१. उपाय असा: ज्या नावाला ‘पेक्षा’ चिकटलाय त्याची पट्टी आधी काढायची, आकडा माहीत असो वा नसो. म्हणजे नीलमची पट्टी, आत प्रश्नचिन्ह. खाली सायलीची, तेवढीच आणि पुढे जोडलेलं ७चं शेपूट. त्या सगळ्या पट्टीवर २४. शेपूट कापलं की १७. दिवाळीनंतर मुलं ‘पेक्षा’ला स्वतःहून गोल करू लागली.

अशाच आणखी दोन जोड्या सांभाळाव्या लागतात. ‘३ने जास्त’ आणि ‘३ पट’: एका टोपलीत १२ बांगडे असतील तर दुसरीत पहिल्या वाक्याने १५, दुसऱ्याने ३६. ‘पट’ला शेपूट नसतं, तीच पट्टी तीनदा जोडायची. दुसरी जोडी ‘पैकी’ आणि ‘प्रत्येकी’. कानाला जवळची, अर्थाने लांबची. भरभर वाचणारी मुलं हमखास गोंधळतात. ‘प्रत्येकी’ आलं की पट्टीचे सारखे तुकडे, ‘पैकी’ आलं की एकाच पट्टीतून तुकडा वेगळा.

पट्टीची खरी ताकद चौथीच्या अपूर्णांकात दिसली. बागेतल्या झाडांपैकी तीन पंचमांश माड आहेत, उरलेल्या ३४ पोफळी. एकूण झाडं किती? पट्टीचे पाच सारखे तुकडे, तीनवर ‘माड’, दोनवर ‘पोफळी, ३४’. एक तुकडा १७, पाच तुकडे ८५, माड ५१. अपूर्णांकाचं एकही सूत्र न वापरता.

पट्टी कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. एसटी १०.४५ला सुटून १.२०ला पोचली, तर प्रवास किती? इथे पट्टीचा हट्ट धरू नका. आडवी रेघ मारून टप्पे टाका: ११ वाजेपर्यंत १५ मिनिटं, १ वाजेपर्यंत २ तास, पुढे २० मिनिटं, म्हणजे २ तास ३५ मिनिटं. उभी मांडणी केलेल्या वह्यांत मिनिटांचा हातचा १००चा घेतलेला असतो, ६०चा नाही.

बाकी उरणाऱ्या भागाकारातही पट्टी अर्धवटच मदत करते. तरीतून (प्रवासी होडीतून) खाडी पार करायची आहे, एका फेरीत ८ मुलं, मुलं ५०, फेऱ्या किती? भागाकार ६, बाकी २, आणि उत्तर ७. तेच ५० आंबे आठ-आठच्या खोक्यांत भरले तर पूर्ण भरलेली खोकी ६. ५० रुपये चौघांत सारखे वाटले तर प्रत्येकी साडेबारा. बाकीचं एकदा वाढवायचं, एकदा सोडायचं, एकदा वाटायचं. हे गणित सांगत नाही, गोष्ट सांगते. उत्तराचं वाक्य आधी लिहून घेतलं असेल तरच मूल ‘६ फेऱ्या’ लिहिताना थांबतं, कारण दोघं काठावर राहिलेले त्याला दिसतात.

न लिहिलेल्या आकड्यांवरही मुलं घसरतात. एका पेटीत ५ डझन आंबे. अशा ४ पेट्यांतले ३८ आंबे खराब निघाले. चांगले किती? यातला १२ कुठेच छापलेला नाही. ५ × ४ − ३८ करायला जाऊन मूल अडकतं, आणि हे अडकणं चांगलंच. इथे उत्तर २०२. डझन, जोडी, शेकडा, आठवडा यांची यादी पाटीच्या मागे लिहून ठेवली. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पाऊण किलो हे मात्र बाजारातच पक्कं होतं.

आकड्यांच्या नावांचा घोळ वेगळा. मराठीत एकक आधी बोलतो, दशक नंतर, म्हणून त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिलं जातं. ‘एकोण’चे आकडे त्याहून वाईट: एकोणपन्नास ऐकलं की मूल पन्नाशीत शिरतं. २०१९ साली दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. वाद बाजूला ठेवून सांगायचं, तर उदाहरण तोंडी घालताना एकदा ‘त्रेसष्ट, साठ आणि तीन’ असं म्हटल्याने चुकीच्या आकड्यावर बरोबर क्रिया करण्याचे प्रकार कमी होतात.

हिराच्या काड्या घरच्या खराट्यातून निघतात. करंगळीएवढे तुकडे, दहांचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा भारा. ३०२ − १४७ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीला यांना तोड नाही. सुटे करायला दशकच नाही, म्हणून भारा सोडून दहा गठ्ठे, त्यातला एक सोडून दहा काड्या, हे हाताने केलं की १५५ पटतं. रबर लावू नका, पावसाळ्यात चिकट होऊन तुटतात. सुती दोरा बरा. माळेचे मणी दहा-दहाच्या दोन रंगांत हवेत. तारेत ओवलेली माळ गंजली, मग मासेमारीच्या तंगुसात (नायलॉनच्या दोऱ्यात) ओवली. नोटांच्या जुन्या संचांत १००० आणि २०००च्या नोटा निघतात आणि २००ची नसते. असा संच घेऊन दुकान-दुकान खेळलं की मुलं आपल्यालाच वेड्यात काढतात.

पट्ट्यांसाठी आधी कार्डशीट कापली होती. जुलैत ती वाकली, ऑगस्टमध्ये बुरशी आली, लॅमिनेशनच्या कडेतूनही ओल शिरली. शेवटी पाटी आणि खडूच. पुसता येतं, आणि पुसता येतं म्हणूनच मूल चुकायला घाबरत नाही. मोबाइलवरच्या सरावात उत्तराचे चार पर्याय समोर असतात, त्यामुळे या कामाला त्याचा उपयोग झाला नाही.

आठवड्यातून एक उदाहरण मुद्दाम सुटणार नाही असं घालतो. १९८०च्या सुमारास फ्रान्समध्ये लहान मुलांना विचारलं होतं, की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७पैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांवरून वय काढून दिलं. आमच्याकडे ती होडी, १४ पापलेटं, ९ सुरमया आणि तांडेलाचं (होडीच्या प्रमुखाचं) वय. जूनमध्ये २३ हे उत्तर सर्रास आलं. पट्टी काढायला बसलेलं मूल मात्र पट्टीला नाव काय द्यायचं यावरच अडतं आणि विचारतं, ‘वयाचं यात काय लिहिलंय?’