योकुकानसान: सासूबाईंसोबतचे अकरा महिने

रात्री दोनच्या सुमारास सासूबाई उठायच्या आणि कपाट उघडून टॉवेल शोधायला लागायच्या. म्हणायच्या, कोपऱ्यात एक मुलगा बसलाय, त्याचे पाय ओले आहेत, त्याला सर्दी होईल. मी दिवा लावून "आई, इथे कोणी नाही" म्हटलं की चिडायच्या, मला ढकलायच्या, आणि मग घाबरून रडायच्या. आम्ही जपानमध्ये, टोकियोजवळच्या चिबामध्ये राहतो. नवरा जपानी, मी मूळची सांगलीची, आणि सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांना लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. या आजाराचं पहिलं वर्णन १९७६ मध्ये डॉ. कोसाका केन्जी यांनी जपानमध्येच केलं होतं. न दिसणारी माणसं दिसणं हे त्याचं ठळक लक्षण.

डोनेपेझिल हे डिमेन्शियावरचं औषध आधीपासून चालू होतं. रात्रीच्या चिडीसाठी मनोविकारावरच्या गोळ्या द्यायला डॉक्टर तयार नव्हते. लेवी बॉडीच्या रुग्णांना त्या गोळ्या फार जड जातात, अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, म्हणाले. त्यांनी लिहून दिलं ५४ नंबर. इथे त्सुमुरा कंपनीच्या काम्पो, म्हणजे जपानी पारंपरिक औषधांना आकडे असतात आणि डॉक्टर, फार्मसीवाले सगळे त्याच आकड्यांनी बोलतात. ५४ म्हणजे योकुकानसान.

नावाचा अर्थ कळला तेव्हा मी थबकले. योकु म्हणजे आवरणं, कान म्हणजे यकृत, सान म्हणजे चूर्ण. राग यकृतातून उसळतो, अशी या शास्त्राची जुनी धारणा. आपण "पित्त खवळलं" म्हणतो ते काही फार लांबचं नाही. मूळ पाठ चीनच्या मिंग काळातला, आणि तो लिहिला होता रात्री किंचाळून उठणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी. आजही जपानमध्ये या औषधाच्या सरकारमान्य माहितीपत्रकात उपयोग दिलेत ते असे: न्यूरोसिस (मनाची अस्वस्थता), निद्रानाश, लहान मुलांचं रात्रीचं रडणं, लहान मुलांची चिडचिड. डिमेन्शियाचा उल्लेखच नाही. जुना पाठ असंही सांगतो की औषध बाळानं आणि आईनं दोघांनी घ्यावं. हे वाचलं त्या रात्री मी चार तास झोपले होते, आणि हा सल्ला ज्यानं दिला त्याला घरातली परिस्थिती नीट माहीत होती असं मला वाटलं.

त्यात सात घटक आहेत. सोजुत्सु, बुकुर्यो, सेन्क्यु, तोकी, साइको, चोतोको आणि कान्झो. चोतोको म्हणजे एका वेलीचे हुकासारखे वाकडे काटे. ते मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका ग्राहीवर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागेवर काम करतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलंय. तोकी गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली, म्हणून पाकीट फोडलं की सेलरीसारखा वास येतो. आणि कान्झो म्हणजे आपलं ज्येष्ठमध. त्याच्याबद्दल पुढे लिहिते, कारण आमची सगळी फजिती तिथेच झाली.

पूर्ण मात्रा दिवसाला ७.५ ग्रॅम, म्हणजे अडीच ग्रॅमची तीन पाकिटं. आम्ही रात्रीच्या एका पाकिटापासून सुरुवात केली, दहा दिवसांनी सकाळ-संध्याकाळ केलं. काम्पो जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये घ्यायचं असतं. पण सासूबाईंना जेवणाआधी काही दिलं की त्या जेवायचंच विसरायच्या, म्हणून डॉक्टरांना विचारून जेवणानंतर द्यायला लागलो. दाणे कोरडे दिले तर कवळीत अडकतात. गरम पाण्यात विरघळवून द्यावं तर त्या वास घेऊन कप परत ठेवायच्या. शेवटी फार्मसीतून औषध गिळायची जेली आणली. चमच्यात जेली, वर औषध, वर पुन्हा जेली. हे जमलं. ज्यांच्या घरी गिळायचा त्रास आहे त्यांनी आधी हेच करून बघावं, आमचा पहिला महिना कपामागे कप ओतण्यात गेला.

पहिले दोन आठवडे काही फरक नाही. मी वहीत रोज रात्रीची नोंद ठेवत होते. सुरुवातीला आठवड्यातल्या सहा रात्री त्या उठायच्या. चौथ्या आठवड्यात तीन, दुसऱ्या महिन्याअखेर कधी एक, कधी दोन. मुलगा येणं थांबलं नव्हतं. पण एका रात्री मी गेले तर त्या पांघरुणातच बसलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "आलाय तो. बसू दे थोडा वेळ, जाईल." आणि आडव्या झाल्या. मी दाराशी उभी राहून रडले. मुलगा तोच होता, पण भीती गेली होती.

खरं सांगायचं तर सगळं श्रेय औषधाला देता येणार नाही. त्याच महिन्यात आम्ही त्या कोपऱ्यात टांगलेला नवऱ्याचा रेनकोट काढला होता आणि मंद दिवा रात्रभर चालू ठेवायला लागलो होतो. अंधारात कपड्यांचे, पडद्यांचे आकार माणसांसारखे दिसणं हेही या आजारात असतं. अभ्यासही दोन्ही बाजूंचे आहेत. २००५ मध्ये तोहोकु विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ५२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना चार आठवडे हे औषध दिलं, तेव्हा त्यांच्यात भ्रम, चिडचिड कमी झाली आणि रोजची कामं करणंही सुधारलं. पुढे २०१७ मध्ये अल्झायमरच्या १४५ रुग्णांवर प्लासिबोशी, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेल्या पुडीशी तुलना झाली, तेव्हा ठोस फरक निघाला नाही. आणि विसरण्यावर तर याचा काही उपयोग नाही. सासूबाई आजही मला कधी सून म्हणून ओळखतात, कधी डे-सर्व्हिसची, म्हणजे दिवसा वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रातली बाई समजतात.

आता ज्येष्ठमधाचं. सहाव्या महिन्यात सासूबाईंच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. जवळच्या एका हाडांच्या दवाखान्यात नेलं, तिथे त्या पेटक्यांवर ६८ नंबर मिळालं, शाकुयाकु-कान्झो-तो. उत्तम औषध, पायाचे गोळे पटकन सोडवतं. पण त्याच्या दिवसाच्या मात्रेत कान्झो ६ ग्रॅम. योकुकानसानच्या पूर्ण मात्रेत दीड ग्रॅम. शिवाय रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालूच होती. त्या दवाखान्यात औषधांची वही, म्हणजे चालू असलेल्या सगळ्या औषधांची नोंद, कोणी मागितली नाही. मी ती पिशवीत असून दाखवली नाही, ही माझी चूक. लहानपणी खोकला आला की आई ज्येष्ठमधाची कांडी चघळायला द्यायची, त्यामुळे ज्येष्ठमधानं काही वाईट होतं हे डोक्यातच नव्हतं.

तीन आठवड्यांत घोट्यांना सूज आली. मोजे काढले की त्यांची रेघ तासभर जात नव्हती. रक्तदाब १६८ वर गेला. स्वच्छतागृहातून येताना त्या भिंतीला धरून मटकन खाली बसल्या. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, साडेतीनच्या वर हवं असताना. ज्येष्ठमधातला एक घटक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतो. लघवीची गोळीही पोटॅशियमच घालवते. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. ६८ त्याच दिवशी बंद झालं, ५४ तीन आठवडे बंद ठेवलं, लघवीची गोळी बदलली.

त्या तीन आठवड्यांतल्या नोंदी मी अनेकदा वाचल्यात. पहिला आठवडा शांत गेला. दहाव्या दिवशी पुन्हा टॉवेल. चौदाव्या रात्री त्यांनी माझा हात इतका जोरात ओढला की बांगडी तुटली. रेनकोट तर कधीच काढलेला होता, दिवाही चालूच होता. तेव्हा माझी खात्री पटली की आमच्या घरात तरी हे औषध काहीतरी करत होतं. पोटॅशियम ४.० वर आल्यावर पुन्हा सुरू केलं, आता रोज फक्त रात्रीचं एक पाकीट.

सांगलीहून आणि पुण्याहून नातेवाइकांचे निरोप येतात की येताना दोन-चार खोकी घेऊन ये, वनस्पतीचंच आहे ना. मी आणत नाही. इथे ते डॉक्टर लिहून देतात, सरकारी विम्यात बसतं, सासूबाईंना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो, आणि मुख्य म्हणजे रक्त तपासणारं कोणीतरी मागे असतं. तपासणीशिवाय रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे सुरू करू नका, हात जोडून सांगते. घरात आधीच कुठला काढा, खोकल्याचं औषध चालू असेल तर त्यावरची यादी वाचा आणि ज्येष्ठमध शोधा.

आमच्याकडे आता दर दोन महिन्यांनी पोटॅशियम बघतात. मागच्या वेळी ४.१ होतं. मी रोज संध्याकाळी अंगठ्यानं त्यांच्या नडगीवर दाबून सुजेचा खड्डा पडतो का बघते. सासूबाईंना ते मालिश वाटतं, दुसरा पायही पुढे करतात. औषधांची वही आता पिशवीत नाही, माझ्या गळ्यातल्या पाकिटात असते. काल रात्री त्या एकदाच उठल्या, पाणी प्यायल्या, कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आज पाय कोरडे आहेत त्याचे."