घरून सबमिशन: व्हीपीएन, रिमोट डेस्कटॉप की एसएसएच?

सबमिशनचा आठवडा आला की वर्गाच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: फाइल लॅबच्या मशीनवर आहे आणि मी घरी, आता काय? कोणी सांगतं एनीडेस्क टाक, कोणी सांगतं व्हीपीएन घे, कोणी सांगतं सकाळी लवकर येऊन कर. हडपसरहून धनकवडीला किंवा चिंचवडहून कर्वेनगरला बस बदलत येणाऱ्याला तिसरा सल्ला सगळ्यात महाग पडतो. म्हणून बाकीच्या मार्गांचा हिशेब.

आधी बघा, सरांनी मागितलंय काय? नुसती पीडीएफ किंवा कोडची झिप हवी असेल आणि ती तुमच्या लॅपटॉपवरच असेल, तर कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची सहसा गरजच नाही. असाइनमेंट जमा करायची वेबसाइट मूडल असो वा गूगल क्लासरूम, मोबाइल डेटावर काम होतं. फक्त मूडलमध्ये फाइल अपलोड झाली म्हणजे जमा झाली असं धरू नका. शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर ती ड्राफ्ट म्हणून पडून राहते आणि शेवटचं सबमिटचं बटण दाबल्यावरच जमा होते. क्लासरूममध्ये ‘टर्न इन’चंही तेच. मूडलमध्ये तारखा दोन असू शकतात: ड्यू डेट उलटली तर नुसता ‘लेट’चा शिक्का बसतो, कट-ऑफ उलटली तर काहीच घेत नाही. ही दुसरी तारीख तुम्हाला दिसेलच असं नाही, तेव्हा उशीर होणार असेल तर सरांना आधीच विचारलेलं बरं.

काम लॅबमध्येच अडकलेलं असेल तर मात्र निवड करावी लागते. व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप, दोन्हींपैकी एक घ्यायचं, असा समज सर्रास दिसतो. तसं नाही. व्हीपीएन हा नुसता गेटपास आहे. त्याने तुमचा लॅपटॉप कॉलेजच्या नेटवर्कवर असल्यासारखा होतो. आत गेल्यावर समोरच्या मशीनची स्क्रीन चालवायची की फक्त फाइल उचलायची, हा पुढचा प्रश्न. हा पास कॉलेजच्या आयटी विभागाकडूनच मिळतो, बहुधा फोर्टीक्लायंट, सिस्को किंवा ओपनव्हीपीएनच्या रूपात. यूट्यूबवर जाहिरात करणारा, महिन्याला पैसे घेणारा व्हीपीएन इथे बिनकामाचा: तो तुम्हाला सिंगापूरला नेईल, शिवाजीनगरला नाही.

कॉट बेसिसच्या खोलीतल्या वायफायवर व्हीपीएन जोडलाच जात नसेल, तर अनेकदा तिथे यूडीपी, म्हणजे बरेच व्हीपीएन ज्या पद्धतीने डेटा पाठवतात ती, अडवलेलं असतं. 443 पोर्टवरून, म्हणजे साध्या वेबसाइटच्याच वाटेने, चालणारा एसएसएल व्हीपीएन त्यातून निभावतो. नाहीतर मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच.

रिमोट डेस्कटॉप सगळ्यांना आवडतो, कारण शिकावं काही लागत नाही: लॅबची स्क्रीन घरी दिसते. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज होम असलं तरी चालतं. लॅबच्या मशीनवर मात्र प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. लाइन तुटली तरी तिकडचा प्रोग्रॅम चालू राहतो, पुन्हा जोडलं की स्क्रीन होती तशी समोर येते. इथपर्यंत उत्तम. पण साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. तुम्ही घरून लॉगिन केलंत आणि तिथे बी बॅचचं प्रॅक्टिकल चालू असेल, तर समोर बसलेल्या मुलीला ‘कोणीतरी येऊ पाहतंय’ असा संदेश दिसतो. तिने तो वेळेत नाकारला नाही, तर तीच बाहेर. कॉलेजने विंडोज सर्व्हरवर अनेकांची सोय केली असेल तर हा प्रश्न येत नाही; विचारून घ्या.

दुसरी गोष्ट डीप फ्रीझ या सॉफ्टवेअरची. अनेक लॅबमध्ये ते टाकलेलं असतं आणि मशीन रीस्टार्ट झालं की गोठवलेल्या ड्राइव्हवर सेव्ह केलेलं सगळं पुसलं जातं. घरून काम करताना रीस्टार्ट कधी झाला हे कळतही नाही. त्यात संध्याकाळी लॅब असिस्टंट जाताना मेन स्विच पाडून जातात, आणि पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार. तेव्हा रिमोट डेस्कटॉपवर काम संपलं की फाइल लगेच आपल्याकडे ओढा. जोडण्याआधी ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये आपली ड्राइव्ह टिक केली की ती पलीकडच्या मशीनवर दिसते, अर्थात कॉलेजने हे बंद केलेलं नसेल तर.

एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉप ही दुसऱ्या मशीनची स्क्रीन चालवणारी ॲप्स. त्यांना व्हीपीएनही लागत नाही, म्हणून मोह होतो. स्वतःच्या घरच्या पीसीसाठी दोन्ही छान. लॅबच्या मशीनवर मात्र गुपचूप टाकून येऊ नका. ते मशीन तुमचं एकट्याचं नाही, आणि तुमच्या नंतर बसणाऱ्याची स्क्रीन तुमच्या हाती राहते. एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, केबिनमध्ये याला ‘सोय’ म्हणत नाहीत. याहून वाईट उपाय म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ज्यावरून चालतो तो 3389 पोर्ट राउटरवर थेट इंटरनेटला उघडणं. 2019 साली ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली ती नेमकी याच सेवेत. पासवर्ड माहीत नसतानाही जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होतं.

एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायची सोय, त्या मानाने रूक्ष. काळी खिडकी, टाइप केलेल्या कमांडी. फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर 1995 मध्ये तातू इलोनेन यांनी ते लिहिलं. लिनक्सचा सर्व्हर असेल, सीचं असाइनमेंट असेल किंवा आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर जॉब टाकायचा असेल, तर हाच रस्ता. डेटा इतका कमी लागतो की पावसाळ्यातल्या रडक्या नेटवरही हात थांबत नाही. रिमोट डेस्कटॉपची स्क्रीन अशा वेळी पाट्या टाकते. फाइल आणायला एसएसएचवरूनच चालणारं विनएससीपी घ्या: एका बाजूला आपलं फोल्डर, दुसऱ्या बाजूला सर्व्हरचं, आणि अर्ध्यात तुटलेली मोठी फाइल तिथूनच पुढे नेता येते.

एका ठिकाणी मात्र एसएसएच रिमोट डेस्कटॉपपेक्षा कच्चं. लाइन तुटली की समोर चालू असलेला प्रोग्रॅमही सहसा मरतो. त्याला उपाय सर्व्हरवर चालणारा टीमक्स हा प्रोग्रॅम: लॉगिन केल्याबरोबर ते सुरू करायचं आणि त्याच्या आत काम करायचं. मग नेट गेलं, लाइट गेली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं आणि परत येऊन तेच सेशन उघडता येतं.

एक मार्ग फार कमी जण विचारतात. अडचण लॅबच्या मशीनची नसून फक्त लायसन्सची असेल, तर सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर टाकून लायसन्स व्हीपीएनवरून कॉलेजच्या सर्व्हरकडून घेता येतं का, हे आयटीवाल्यांना विचारा. सगळं गणित आपल्याकडे, तारेवरून जाते ती फक्त परवानगी. मॅटलॅबचं कॅम्पस लायसन्स असेल तर तेही नको, ब्राउझरमध्ये मॅटलॅब ऑनलाइन उघडतं. ऑटोकॅड तर ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना फुकटच देतं, फक्त दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं.

माझा कौल असा: ज्यांना फक्त फाइल हवी त्यांनी व्हीपीएन आणि विनएससीपी, कोड चालवून दाखवायचा असेल तर व्हीपीएन, एसएसएच, टीमक्स. रिमोट डेस्कटॉप शेवटी, तोही सॉफ्टवेअर लॅबबाहेर मिळतच नसेल तेव्हा, आणि बॅच नसलेल्या वेळी. व्हीपीएनचं खातं मिळायला अर्ज, सही, एचओडींचा शिक्का असं सगळं लागू शकतं, त्यामुळे अर्ज टर्मच्या सुरुवातीलाच टाका. सबमिशनच्या आठवड्यात आयटी विभागाच्या दारात अख्खा वर्ग उभा असतो.