सातवीतल्या मुलीचा फाउंडेशन क्लास आणि माझ्या नावावरचं साठ हजारांचं कर्ज

मुलीच्या क्लासच्या फीचे हप्ते भरतेय, असं मला चार महिने वाटत होतं. खरं तर मी कर्ज फेडत होते. ते कळलं त्या दिवशी क्लासच्या शटरला कुलूप होतं. ज्यांची मुलं सहावी, सातवी, आठवीत आहेत त्यांनी कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. जून २०२४ मध्ये मुलगी सातवीत गेली आणि शाळेतच एका क्लासने ‘टॅलेंट टेस्ट’ घेतली. तीस प्रश्न, पाऊण तास. चार दिवसांनी फोन आला, “ताई, अभिनंदन! तुमच्या मुलीला चाळीस टक्के स्कॉलरशिप मिळाली आहे.” पोरगी घरभर नाचली. पुढे पालकांच्या ग्रुपवर समजलं की ज्यांनी ज्यांनी टेस्ट दिली त्या बहुतेकांना चाळीसच टक्के मिळाली होती. एक लाख दहा हजारांची ‘मूळ फी’ भरलेलं त्या ग्रुपवर एकही घर निघालं नाही.

क्लासच्या ऑफिसमधल्या मॅडम फार गोड बोलल्या. दोन वर्षांचा कोर्स, त्यात सायन्स, मॅथ्स आणि आठवड्यातून एकदा रोबोटिक्स. “आयआयटीची तयारी आता सातवीतच सुरू होते ताई, अकरावीला येणारी मुलं मागे पडतात.” स्कॉलरशिप वजा जाता फी सहासष्ट हजार, पण ही सवलत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. ह्यांची दुसरी पाळी होती, फोन लागेना. सहा हजार मी यूपीआयने भरले. उरलेल्या साठ हजारांचे पाच-पाच हजारांचे बारा हप्ते, बिनव्याजी. त्यांनी आधार, पॅन घेतलं, फोटो काढला आणि माझा मोबाइल हातात घेऊनच म्हणाल्या, “ओटीपी आलाय बघा, सांगा पटकन, लिंक बंद होईल.” असे तीन ओटीपी मी दिले.

तिसऱ्या मेसेजमध्ये एका फायनान्स कंपनीचं नाव होतं आणि ‘लोन’ हा शब्द होता. मी विचारलंही, “मॅडम, हे लोन कसलं?” त्या म्हणाल्या, “ते सिस्टिममध्ये तसं दिसतं, हप्ता आमच्याकडेच येतो.” सगळी फसवणूक या एका वाक्यात होती. हप्ता त्यांच्याकडे येणारच नव्हता. फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज मंजूर केलं आणि ती रक्कम थेट क्लासच्या खात्यात एकदम जमा केली. माझ्याकडून त्या तिसऱ्या ओटीपीवर खात्यातून परस्पर पैसे कापून घ्यायची संमती घेतली गेली. दोन वर्षांचे पैसे पहिल्याच आठवड्यात हातात पडल्यावर पुढे शिकवायला त्यांना कशाची घाई?

शिकवणं कसं होतं तेही सांगायला हवं, कारण मला त्याचा राग जास्त आहे. सातवीच्या मुलांना गतीची समीकरणं फळ्यावरून उतरवून घ्यायला लावत. वही भरलेली दिसे, म्हणून मी खूश असे. रोबोटिक्सचं किट आलं, फीच्या कागदावर त्याची किंमत साडेनऊ हजार लावलेली. आत एक आर्डुइनोसारखा, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, चाकं फिरवायच्या दोन पिवळ्या मोटारी, त्या मोटारींना वीज पुरवणारं सर्किट (मोटार ड्रायव्हर), तारा आणि दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. हा सेन्सर आवाज सोडतो, समोरच्या वस्तूवर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर निघतं. मुलीने विचारलं, “सर, शेवटी दोनने का भागायचं?” सर म्हणाले, “कोडमध्ये आहे म्हणून.” ते सर स्वतः इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, हे नंतर कळलं. उत्तर तिला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मैदानाच्या भिंतीसमोर टाळी वाजवून दिलं: आवाज जातो आणि तेवढंच अंतर परत येतो, आपल्याला मात्र एकाच बाजूचं अंतर हवं असतं. दोन मिनिटं लागली. तेच किट मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नेऊन दाखवलं. दुकानदाराने एकेक वस्तूची किंमत बिलाच्या मागे लिहिली, बेरीज पंधराशेच्या आत आली.

सप्टेंबरमध्ये दोन सर सोडून गेले, बॅचेस एकत्र केल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर ब्रँच उघडलीच नाही. फोन बंद. आणि पाच नोव्हेंबरला खात्यातून पाचवा हप्ता कापला गेला.

फायनान्स कंपनीचं उत्तर ठरलेलं: “मॅडम, क्लासशी आमचा संबंध नाही, कर्ज तुम्ही घेतलं आहे.” रागाच्या भरात मी बँकेत जाऊन हप्ता थांबवायला निघाले होते. ओळखीच्या एका बँकवाल्या दादांनी अडवलं. हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची आपली नोंद, खराब होतं आणि वसुलीचे फोन सुरू होतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, असं त्यांनी सांगितलं. मी तेच केलं.

तेव्हाच मला कळलं की केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्येच कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही, शिकवणारा किमान पदवीधर हवा, मूल मध्येच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची, असं सगळं त्यात लिहिलेलं आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्यामुळे ऑफिसमधल्या मॅडमना कोणी अडवलं नाही. पण मला हे आधी माहीत असतं तर माझ्या सातवीतल्या मुलीला घेऊन मी त्या जिन्यावर चढलेच नसते.

क्लासवाले ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणाले की एकच विचारा: पैसे कोणाच्या नावे कापले जाणार? क्लासऐवजी फायनान्स कंपनीचं नाव आलं तर ओटीपी देऊ नका, घरी या. दिला असेल तर त्याच दिवशी कर्जाचा करार मागवून वाचा. डिजिटल कर्जात सुरुवातीला दंड न भरता बाहेर पडायची थोडी मुदत असते. ती मला कोणी सांगितली नाही आणि माझ्या हातून गेली.

आम्ही अकरा पालकांनी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात क्लास आणि फायनान्स कंपनी दोघांविरुद्ध गेलो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्या ब्रँचमधले आणखी कोणी पालक असतील तर सहा हजारांची पावती, कर्जाचं स्टेटमेंट, टेस्टच्या निकालाचा मेसेज आणि मुलांच्या वह्या टाकून देऊ नका. आयोगात आम्हाला पहिल्यांदा याच गोष्टी मागितल्या.