पी-२५ टायटानिया: चार वर्षांच्या वापरानंतर

पी-२५ म्हणजे टायटानियाची, अर्थात टायटॅनियम डायऑक्साइडची, अतिसूक्ष्म पावडर; प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवणारा उत्प्रेरक. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा ही पांढरी पावडर स्पॅच्युलावर टिकेचना. जोरात श्वास सोडला तरी उडते. तेव्हापासून मी ती मास्क लावून फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) तोलते. तुम्हीही तसंच करा, कारण श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची नोंद कर्करोगाच्या संभाव्य कारणांत आहे.

कण साधारण २१ नॅनोमीटरचे, एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर. टायटॅनियम टेट्राक्लोराइडपासून ज्योतीत बनवलेल्या या पावडरीत अ‍ॅनाटेज आणि रुटाइल ही टायटानियाची दोन्ही स्फटिकरूपं एकत्र असतात, अंदाजे ८०:२०.

अतिनील दिव्याखाली तिचं काम पाहावं असंच आहे. दीड वर्ष खपून मी कार्बन नायट्राइड आणि टायटानियाचा संमिश्र पदार्थ तयार केला होता. फिनॉल कोण लवकर मोडतं हे बघायला त्याच्या द्रावणात, त्याच दिव्याखाली, दोन्ही शेजारी ठेवले आणि पी-२५ पुढे निघून गेलं. फार वाईट वाटलं. ती तुलना मी पहिल्याच महिन्यात करायला हवी होती.

दृश्य प्रकाशात मात्र तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. अ‍ॅनाटेजचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे त्याच्यासाठी ३८७ नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश वायाच जातो. आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम ४-५ टक्के. इथेच अनेक जण फसतात, मीही फसले. दृश्य प्रकाशात मेथिलीन ब्लूचा निळा रंग फिका पडताना पाहून मी हरखले होते. पण तो रंग स्वतःच प्रकाश शोषतो, आपला इलेक्ट्रॉन टायटानियाला देतो आणि स्वतः मोडतो. काही रंग तर अंधारातच कणांना चिकटून बसतो. म्हणून आता दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळते, आणि दृश्य प्रकाशातला दावा करायचा तर फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थच घेते.

प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढण्यासाठी कोरी पावडर जवळजवळ निरुपयोगी. क्लोरोप्लॅटिनिक आम्लातून प्रकाशानेच थोडं प्लॅटिनम चढवलं, पाण्यात मिथेनॉल घातलं, की पावडर राखाडी होते आणि वायू ओळखणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर हायड्रोजनचं शिखर दिसू लागतं. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटानियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाणी फोडून दाखवलं होतं. त्याच पदार्थाच्या मदतीने निघालेला वायू आपल्या नळीत जमताना बघण्याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

द्रावणातून ती वेगळी काढणं हा खरा त्रास. सेंट्रिफ्यूज करूनही धूसरपणा राहतो, तो द्रावणाने शोषलेल्या प्रकाशाच्या आकड्यात मिसळतो, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरशिवाय मी नमुना मोजत नाही. शिवाय एकाच डब्यातही अ‍ॅनाटेज-रुटाइलचं प्रमाण जागोजागी बदलू शकतं, हे तपासून प्रसिद्ध झालेलं आहे. म्हणून एका शोधनिबंधाचे सगळे प्रयोग मी एकदाच काढून नीट मिसळलेल्या पावडरीवर करते, आणि हे प्रमाण दाखवणारा तिचा क्ष-किरण विवर्तनाचा आलेख आधी घेऊन ठेवते.