१०.६ ईव्हीचा बदली पीआयडी सेन्सर: चांगला, पण घाई नको
हातातल्या व्हीओसी (हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) डिटेक्टरसाठी मिळणारा हा पीआयडी, म्हणजे अतिनील दिव्याने वायूचे रेणू आयनित करून मोजणारा सेन्सर, काम चोख करतो. १०.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ही त्या दिव्याच्या प्रकाशाची ऊर्जा. पण रीडिंग घसरलं म्हणून लगेच अख्खा सेन्सर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी दिव्याची खिडकी मिथेनॉलच्या बोळ्याने पुसा. बोटाचा तेलकट डागही अतिनील प्रकाश अडवतो. दमट हवेत शून्याचं रीडिंग वर सरकत असेल, तर दोष बहुधा मळलेल्या इलेक्ट्रोड स्टॅकचा (आयन टिपणाऱ्या इलेक्ट्रोडांचा संच), आणि तो बऱ्याच मॉडेलांना सुटा मिळतो. सेन्सर बदलायचाच तर स्फोटक क्षेत्राबाहेर, डिटेक्टर बंद करून. मग स्वच्छ हवेत शून्य जुळवा, आणि १०० पीपीएम (दशलक्षात १०० भाग) आयसोब्युटिलीन या चाचणी वायूवर स्पॅन, म्हणजे वरचं रीडिंग. ११.७ ईव्हीचा दिवा गरजेपुरताच घ्या: त्याची लिथियम फ्लोराइडची खिडकी ओल धरते, आयुष्य तोकडं. मिथेन मात्र दोन्हींना दिसत नाही.