पहिला लेथ: टेबलावरचा नवा की भंगारातून वाचलेला साडेचार फुटी?

घरी वाफेचं छोटं इंजिन करायचं, त्यासाठी लागणारी हत्यारंही जमेल तशी स्वतःच घडवायची. आयटीआय झालेलं नाही, शिकवायलाही कुणी नाही. हे वेड लागलं की कानस, हॅकसॉ आणि बेंच ड्रिलवर पहिले काही महिने मजेत जातात. मग सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील अशी गोल कामं समोर येतात आणि लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलने कापणारं यंत्र, घ्यावाच लागतो. आपल्याकडे तेव्हा दोनच पर्याय खरे असतात: चिनी बनावटीचा मिनी लेथ, नाहीतर बंद पडलेल्या वर्कशॉपमधून निघालेला साडेचार फुटी (म्हणजे तेवढ्या लांबीच्या बेडचा, पायाचा) देशी लेथ. इंग्लंडात या छंदाच्या दोन-तीन पिढ्या मायफर्ड या ब्रिटिश कंपनीच्या साडेतीन इंची सेंटर हाइटच्या (बेडपासून फिरण्याच्या मध्यापर्यंतची उंची) लेथवर वाढल्या, पण इथे तो शोधत बसलात तर वय निघून जाईल.

जागेचा प्रश्न आधी मिटवा, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. मिनी लेथ चाळीसेक किलोचा असतो. दोघांनी उचलला की टेबलावर. साडेचार फुटी लेथचं वजन क्विंटलात मोजतात, आणि ते सगळं दोन पायांवर येतं. राहत्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर पुढचा साडेचार फुटीचा भाग करमणूक म्हणून वाचा.

विजेचं तेवढं अवघड नाही. जुन्या लेथला बहुधा थ्री फेज मोटर असते. एक-दोन हॉर्सपॉवरची असेल आणि वायरची सहाही टोकं बाहेर काढलेली असतील, तर ती स्टारऐवजी डेल्टात जोडून, व्हीएफडी (सिंगल फेजपासून थ्री फेज देणारं, वेग बदलणारं उपकरण) लावून घरच्या सिंगल फेजवर चालते. शिवाय वेग कमीजास्त करता येतो, हा फुकटचा फायदा.

आता मुख्य मुद्दा, जो मला दोन वर्षं वाया घालवल्यावर कळला. स्वतःच शिकणाऱ्याला सगळ्यात छळणारा प्रश्न म्हणजे चूक कुणाची, हाताची की मशीनची? उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला उस्ताद सांगतो, ‘अरे, टूल सेंटरच्या खाली आहे.’ आपल्याला सांगणारं कुणी नसतं. मी पहिला घेतला तो जुनाच. दिसायला दणकट, रंग ताजा. जॉब (कापायचा तुकडा) चकच्या, म्हणजे तो पकडणाऱ्या जबड्यांच्या, बाजूला जाड आणि टेलस्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या, बाजूला बारीक यायचा. मी टूलला धार लावून पाहिली, टूल बदलून पाहिलं, स्वतःला शिव्या घालून पाहिल्या. कारण निघालं बेडमध्ये. वर्षानुवर्षं लहान जॉब केलेल्या लेथचा बेड चकजवळच जास्त झिजतो. टूल घेऊन बेडवर सरकणारं सॅडल नुसतं खाली बसलं तर व्यासात फारसा फरक पडत नाही. पण ते कलंडून टूल ०.०५ मिमी बाहेर सरकलं की व्यास ०.१ मिमीने वाढतो. पिस्टनच्या कामात ०.१ मिमी म्हणजे वाफ सरळ बाहेर.

नवा मिनी लेथही निर्दोष येत नाही. गिब (सरकत्या भागांतली फट भरणाऱ्या पट्ट्या) ढिल्या असतात, कडा बोट कापतील अशा धारदार, टेलस्टॉक नटबोल्टने आवळायचा, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये गिअर प्लास्टिकचे. पण हे दोष लहान आहेत आणि ॲलन की व कानशीने दूर होतात. तो पूर्ण खोलून, रॉकेलने धुऊन, गिब बसवून परत जोडलात की लेथ म्हणजे काय ते समजतं. मग २५ मिमीचा रॉड चकमध्ये धरा, टेलस्टॉक लावू नका, शंभर मिमी अंतरावर दोन कॉलर (रॉडवरचे जाड पट्टे) ठेवा आणि क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग) न हलवता दोन्हींवर हलका कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर आधी पाहा, बोल्ट आवळताना बेडला पीळ तर बसला नाही ना. मशीन सरळ आहे हे एकदा कळलं की पुढची चूक आपलीच, आणि आपली चूक सुधारता येते.

हत्यारं करण्याची गोडीही मला मिनीवरच लागली, कारण त्याला सतत काहीतरी कमी असतं. टेलस्टॉकच्या टेपरमध्ये बसणारा डाय होल्डर (आटे पाडायचा डाय धरणारा), सॅडल लॉक, सिल्व्हर स्टीलचे (कडक करता येणाऱ्या पोलादाचे) छोटे डी-बिट, म्हणजे भोकं पाडायची साधी टूल. हे डी-बिट लाल करून पाण्यात बुडवायचे आणि मग पुन्हा तापवून गवती रंगापर्यंत पाणी (कडकपणा) थोडं उतरवायचं. लेथने स्वतःसाठीच भाग बनवावेत, यात एक वेगळीच गंमत आहे.

साडेचार फुटी जिंकतो तो ताकदीत. माइल्ड स्टीलवर दोन-तीन मिमीचा कट तो कुरकुर न करता घेतो. मिनीवर अर्धा मिमीही जपून. पार्टिंग करताना, म्हणजे जॉब कापून वेगळा करताना, मिनी थरथरतो, टूल आत ओढतो आणि तुमचा रक्तदाब वाढवतो. स्टुअर्ट या ब्रिटिश कंपनीच्या टेन-व्ही या छोट्या वाफेच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाऊण-पाऊण इंच, फ्लायव्हील तीन इंची. मिनीवर आरामात बसतं. पाच इंची गेजचं (रुळांमधल्या अंतराचं), माणूस ओढणारं लोको करायचं असेल, तर बिडाची चाकं फिरवताना मिनीची दमछाक होते.

आट्यांचं थोडक्यात. देशी लेथचा लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल सरकवणारा लांब स्क्रू) बहुधा इंचाला चार आट्यांचा असतो. त्यावर नेमके मेट्रिक आटे पाडायला १२७ दातांचं गिअर लागतं, आणि जुन्या लेथसोबत नेमकं तेच आलेलं नसतं. ब्रिटिश ड्रॉइंगमधले बीए (ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाचे) बोल्ट मात्र दोन्हीकडे सारखेच डोकं खातात. ५ बीएच्या जागी एम-३ आणि २ बीएच्या जागी एम-५ घ्या. इंजिनाला कळत नाही.

माझं मत: फ्लॅटमध्ये मिनी, आणि लेथसाठी ठेवलेल्या पैशातला निम्मा भाग चार जबड्यांचा चक, डायल गेज, मायक्रोमीटर आणि एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलसाठी राखून. तळमजला, शेड आणि लोको करण्याची इच्छा असेल तर साडेचार फुटी. पण ओळखीच्या टर्नरला सोबत न्या. मशीन चालू अवस्थेत पाहा. चकमध्ये पाइप धरून वर उचलताना डायल गेज किती हलतो ते बघा, म्हणजे बेअरिंगची ढिलाई कळते. सॅडल चकजवळ आवळून मग टेलस्टॉककडे फिरवा. वाटेत जड झालं तर चकजवळ झीज आहे. ‘मोटर काढून ठेवली आहे, पण मशीन एकदम ओके’ असं विकणारा म्हणाला, तर चहा पिऊन परत या.

मी माझा साडेचार फुटी शेवटी किलोच्या भावाने दिला. त्याचा आठ इंची चक तेवढा ठेवला. मिनीवर तो बसणं शक्यच नाही. सध्या फळ्या चिकटवताना त्यांच्यावर वजन म्हणून ठेवतो.