ब्रुनोची खाज आणि रॉ डाएट (म्हणजे कच्च्या मासाचं खाणं) : सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ब्रुनो आमचा लॅब्राडोर, पाच वर्षांचा, 28 किलो. पंजे चाटून चाटून तपकिरी झालेले, कान सारखे भरायचे, रात्रभर खाजवून राहायचा बिचारा, आणि हे बाराही महिने, म्हणून डॉक्टरांना खाण्याच्या ॲलर्जीचा संशय आला. पण आधी त्यांनी गोचिड-पिसवांचं औषध दिलं, कानातलं यीस्ट (एक प्रकारची बुरशी) बरं केलं आणि मगच डाएटचं काढलं. हा क्रम सोडू नका, कारण पिसवा असतील तर कितीही महागाचं मटण घाला, खाज जात नाही.

रक्ताच्या टेस्टवर पैसे घालू नका. खाण्याच्या ॲलर्जीसाठी ती भरवशाची नाही. एलिमिनेशन डाएट हाच खरा मार्ग, म्हणजे कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं प्रोटीन निदान 8 आठवडे द्यायचं आणि त्याशिवाय काही म्हणजे काहीच नाही. कुत्र्यांमध्ये बीफ, दूध, चिकन आणि गहू हे नेहमीचे कारणीभूत, आणि ब्रुनो तर लहानपणापासून चिकन-भात आणि पोळीवर वाढलेला. मग आमच्यासाठी नवीन म्हणजे बकऱ्याचं मटण. डॉक्टर कच्चं देण्याच्या बाजूचे नव्हते, त्यांचं म्हणणं शिजवूनच द्या, पण मी बऱ्याच जणांकडून रॉचं कौतुक ऐकलं होतं आणि करून बघायचं ठरवलं.

रोज साधारण 650 ग्रॅम, त्यात खिमा, थोडी वजडी, कलेजी अगदी थोडी, आणि उकडलेलं कोहळं. नुसत्या मासात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेली अंड्याच्या टरफलाची पूड (एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं). हे गणित सोडून महिनोन्‌महिने नुसतं मटण घालणारे लोक पाहिले की जीव तुटतो, हाडं कमकुवत होतात हो!

आणि कलेजी-फुफ्फुस कच्चं कधीच नाही. बकऱ्या-मेंढ्यांच्या कलेजीत, फुफ्फुसात हायडॅटिडचे (एका जंताच्या पिल्लांचे) पाण्याचे फुगे असू शकतात, ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात टेपवर्म, म्हणजे चपटा जंत, होतो आणि त्याची अंडी विष्ठेतून घरातल्या माणसांपर्यंत पोचतात. आपल्याकडे हा धोका खरा आहे, म्हणून मी ते उकळूनच द्यायची आणि जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं वेळेवर. फ्रीझरमध्ये ठेवलं म्हणजे साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) मरतो असंही नाही, त्यामुळे ओटा, सुरी, वाटी सगळं वेगळं ठेवलं, घरात सासूबाई सत्तरीच्या आहेत.

फरक लगेच नाही पडला. शी आधी सुधारली, कमी आणि घट्ट, पण खाज खऱ्या अर्थाने कमी व्हायला दीड महिना गेला. मधेच गोचिडाची चघळायची गोळी बदलून मानेवर टाकायचं औषध घ्यावं लागलं, कारण त्या गोळ्यांना बहुतेक वेळा मासाचा फ्लेवर असतो. शेजारच्या काकूंना पण हात जोडून सांगितलं, काकू, बिस्कीट नका देऊ, एक पण नाही.

कान स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा उकडलेलं चिकन द्यायला सांगितलं. लय जिवावर आलं होतं बाप्पा, पण त्याशिवाय काही सिद्ध होत नाही. चार-पाच दिवसांत पंजे परत लाल, कान गरम. चिकन बंद केलं, हळूहळू शांत. तेव्हा खात्री पटली.

मग मे आला. नागपुरात पारा 45 ला, त्यात दुपारभर लाईट जायची, फ्रीझरमधलं मटण सुटून राहिलं होतं, आणि वाटीत कच्चं मास दहा मिनिटं राहिलं तरी माशा. सगळं शिजवायला लागले, हाडं अजिबात नाही कारण शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतडं फाडू शकतं. आणि खाज परत आली नाही! तेच मटण, तेच कोहळं, फक्त कुकरमधून. म्हणजे ब्रुनोला बरं केलं ते चिकन बंद झाल्याने, कच्चेपणाने नाही, आणि डॉक्टर पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते. रॉ चालू असताना तब्येत चांगलीच होती, कोट चकाकायचा, पण तो शिजवलेल्यावरही तसाच आहे.

खर्चाचं म्हणाल तर मटणाचा भाव तुम्हाला माहीतच आहे, महिन्याचा हिशेब आधी करा. आता आमचं शिजवलेलंच चालू आहे, पावसाळ्यानंतर गव्हाची चाचणी करायची आहे, पोळी चालली तर ब्रुनोपेक्षा सासूबाई जास्त खुश होतील.